बुटकीचा नंबर

स्टुलावर चढून तिने दाराच्या काचेवर पाटी टांगली, ‘शनिवारी दुपारनंतर दुकान बंद’, आणि ती खाली उतरते न उतरते तोच वरच्या मजल्यावरच्या काकू दार ढकलून आत आल्या.

“अगं बाई, बंद? बरं नाही का तुला?”

“नाही हो काकू, ठणठणीत आहे.”

“मग चेहरा का असा ओढलेला?” काकूंनी तिच्या कपाळाला हात लावला, मग स्वतःच्या कपाळाला लावला, आणि दोन्हीकडे काहीच हाती न लागल्यामुळे खुर्चीत बसल्या. “आता आलेच आहे तर मागचे केस तेवढे सारखे करून दे. दोन मिनिटांचं तर काम.”

तिने कात्री घेतली. आतल्या दाराशी बूट घालून उभ्या असलेल्या लेकीकडे बघून ती ओठांनीच म्हणाली, “दोन मिनिटं हं.” लेकीच्या हातात दाण्यांची पुडी होती. आज तळ्यावर जायचं होतं, बदकं बघायला. हे जाणं मागच्या शनिवारी ठरलं होतं. त्याच्या मागच्या शनिवारीही ठरलं होतं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. महिन्याभरापूर्वी तिने ती अक्षरशः झाडून काढली होती. केसांचे रंग गेले, वाफेचं यंत्र गेलं, बाटल्यांनी खचाखच भरलेलं कपाट गेलं, दुसरी खुर्चीही गेली. “आता फक्त केस कापणार,” तिने नवऱ्याला सांगितलं होतं. “पसारा कमी, काम कमी. दुपार बुटकीची.” बुटकी हे लेकीचं लाडाचं नाव. वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलीला तिचा बाप हौसेने बुटकी म्हणायचा.

खोली सुटसुटीत झाली, मोकळी हवा खेळायला लागली. पण झालं भलतंच. एकच खुर्ची उरल्यामुळे बायकांना बाकावर थांबावं लागायचं, थांबल्या की गप्पा रंगायच्या, आणि गप्पा अर्ध्या राहिल्या की पुऱ्या करायला दुसऱ्या दिवशी कुणीतरी यायचंच. कपाट तिने एका दुपारी रिकामं केलं होतं. माणसं कशी रिकामी करायची? तीही ही अशी माणसं! बुटकी पोटात असताना तिने दुकान उघडलं, तेव्हा केस वाढलेले असोत-नसोत, याच बायका आळीपाळीने येऊन बसायच्या. ‘नाही’ हा शब्द त्यांच्यापुढे तिच्या घशातच बसून राहायचा.

“तर काय झालं माहितेय,” काकूंनी सुरू केलं, “सुनेने नवे पडदे आणले. रंग कसला म्हणशील...”

पडद्यांचा रंग कळेपर्यंत दार पुन्हा वाजलं. समोरच्या शाळेतल्या बाई होत्या.

“पाटी बघितली आणि धस्सच झालं. म्हटलं, ही आणि दुकान बंद ठेवते? सगळं ठीक आहे ना घरात?”

“सगळं ठीक आहे, बाई.”

“मग बसते जरा. आलेच आहे तर...”

बाई बाकावर बसल्या. दाराशी बुटकी आता नव्हती. आतल्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला. रुसली असणार, तिला वाटलं, आणि काकूंच्या मानेवरून फिरणारा तिचा कंगवा क्षणभर थांबला.

थोड्या वेळाने बुटकी बाहेर आली. गळ्याभोवती मोठा टॉवेल गुंडाळलेला, त्याची टोकं गुडघ्यांपर्यंत. बूट काढलेले. ती गुमान बाकावर बाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि पाय हलवायला लागली.

“काय गं, तू इथे कशाला?” बाईंनी विचारलं.

“नंबर लावलाय.”

काकू आरशात बघून खुदकन हसल्या. “अगं, तुझ्या घरचंच दुकान! तुला कसला नंबर?”

“इथे नंबरच लागतो,” बुटकी म्हणाली.

“बरं, मग माझ्या आधी जा तू,” बाई म्हणाल्या.

“नको. तुम्ही आधी आलात.”

तीही हसली, पण तिचा कात्रीचा हात जरा भराभर चालायला लागला. काकू उठल्या आणि पडद्यांची उरलेली गोष्ट दाराशी उभ्याने संपवून गेल्या. बाई खुर्चीत बसल्या. इतक्यात कोपऱ्यावरच्या घरातल्या निवृत्त नर्स हातात डबा घेऊन आल्या. पाटी त्यांनीही मघाशी वाचली होती, आणि आता दाराशी काकू भेटल्या होत्या.

“सूप आणलंय. ताप नाही म्हणतेस, पण ताप आतल्या आतही असतो.” त्यांनी डबा ठेवला आणि बाकावर बसल्या. “बसलेच आहे तर कानामागचे...”

“माझ्यानंतर,” बुटकी म्हणाली.

बाईंचं झालं. त्या गेल्या. खुर्चीवरचे केस तिने झटकले. बुटकी बाकावरून उतरली, टॉवेल सावरत खुर्चीवर चढली आणि आरशात आईकडे बघत ताठ बसली.

ती मागे उभी राहिली. सवयीने लेकीच्या केसांत बोटं घातली, सवयीनेच विचारलं, “बोला ताई, काय करायचं?”

“कापायचं काही नाही. नुसतं बोलायचं.”

नर्सबाईंनी डब्याचं घट्ट असलेलं झाकण उगाच आणखी घट्ट केलं.

“अगं राणी, चल ना मग,” ती हळूच म्हणाली. “तळ्यावर जाऊ. जाता जाता बोलू.”

बुटकीने आरशातच मान हलवली. “तळ्यावर नको. तिथे पण तुला ओळखीच्या बायका भेटतात.”

कंगवा तिच्या हातात तसाच राहिला. मग तो तिने फळीवर ठेवला, कात्री त्याच्या शेजारी ठेवली, आणि बाकाकडे वळली.

“मावशी, आज नाही जमणार मला.”

नर्सबाईंनी वर पाहिलं.

“मग कधी येऊ?”

“सोमवारी.”

“बरं. सोमवारी येते,” म्हणत त्या उठल्या. जाताना बुटकीच्या डोक्यावरून हात फिरवला. “सूप गरम आहे तोवर प्या दोघी.” दार हलकेच लागलं.

‘नाही’ म्हणणं म्हणजे एवढंच होतं. ती बंद दाराकडे बघत राहिली.

मग तिला सुचेना, हातांचं काय करावं. इतकी वर्षं या खोलीत तिने प्रत्येकीचं बोलणं मागे उभं राहून, आरशातूनच ऐकलं होतं. तिने खुर्ची हळूहळू फिरवली, आरसा लेकीच्या पाठीमागे गेला. स्टूल ओढून ती समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

“हं. सांग.”

बुटकीने तोंड उघडलं. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि एकदम लाजून तोंडावर टॉवेल ओढला.

“आता मला आठवतच नाहीये,” टॉवेलमधून आवाज आला.

“बरं,” ती म्हणाली, आणि स्टूल आणखी थोडं पुढे घेतलं.