इरकली लुगडं

आप्पासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. वकिलांनी वाटपाचा कच्चा मसुदा मागितला होता. जमीन सगळी मुलाच्या, सुयोगच्या नावे, खाली मुलीची, मोनाची हक्कसोड. पणदऱ्यात जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला चार ओळी इतक्या जड का जाव्यात, त्यांचं त्यांनाच कळेना.

बाहेर पडवीत सुयोग बहिणीला पैठणीचं खोकं उघडून दाखवत होता. हक्क सोडणाऱ्या बहिणीला भावानं साडी घ्यायची, ही रीतच.

"दादा, रंग तरी विचारायचास. वांगी मला कुठं शोभतो?"

"बारामतीत तीन दुकानं पालथी घातली. आन् हिची नाटकं बघा!"

दोघं हसली. मोनाचं हसू जरा आधी संपलं, ते आप्पासाहेबांनी खिडकीतून पाहिलं.

तेवढ्यात सणसरहून त्यांची थोरली बहीण, कौसल्याआक्का आली. उठू लागलेले आप्पासाहेब मधेच थबकले. आक्कानं हिरवं इरकली लुगडं नेसलं होतं. ते त्यांनीच घेतलेलं, चाळीस वर्षांपूर्वी.

त्या साली आक्का दीडशे बाया घेऊन इंदापूरच्या कचेरीवर गेली होती. 'राबते ती, सातबाऱ्यावर नाव तिचंही.' फलकावरची अक्षरं आप्पासाहेबांची, गेरूनं रंगवलेली. ते स्वतः मात्र समोरच्या लिंबाखाली पुस्तक उघडून उभे होते, कुणी ओळखू नये म्हणून. आक्काचा खणखणीत आवाज तिथवर येत होता आणि तासभर त्यांना पान उलटायचं सुचलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात, वडील गेल्यावर, त्यांनी तिच्यापुढं हक्कसोडीचा कागद ठेवला.

"कुठं करू सही?" एवढंच तिनं विचारलं.

त्यांनी बोट ठेवून जागा दाखवली होती.

"आत्या, हे लुगडं कधी बघितलं नाही मी," मोना म्हणाली.

"आज पयल्यांदाच नेसलं. म्हनलं, तुझी नवी, माझं जुनं. शेजारी शेजारी बसू."

मोनानं कौतुकानं पदर हातात घेतला. तो टर्रकन फाटला, घडीवर, सरळ रेघेत.

"अगं बाई! आत्या, मी नुसता हात लावला हो."

"तू न्हाय फाडलास. ट्रंकंत पडून पडून घडीवर इरलंय."

मोना फाटका पदर सोडेना.

"तुम्ही एवढे मोर्चे काढले, आत्या. मग सही का केली?"

"म्हायेर तुटाय नको हुतं, बाय. न्हाय तुटलं. दिवाळीचं दोन दिस मिळत्यात की अजून."

सुयोगनं हळूच खोक्याचं झाकण लावलं.

आप्पासाहेब पुन्हा टेबलाशी बसले. अर्धवट लिहिलेला कागद त्यांनी फाडला नाही, उलटा ठेवला आणि कोरा पुढं ओढला.

"मोना, तुझं नाव कसं लिहू? माहेरचं का सासरचं?"

"आप्पा, हक्कसोडीत सासरचंच लागतं," सुयोग म्हणाला.

"हक्कसोडीत नाही. वाटपात."

मग मोनाचा आवाज आला, अगदी बारीक. तिनं माहेरचं नाव सांगितलं. आप्पासाहेबांनी ते लिहिलं, शाई वाळेपर्यंत थांबले आणि मान वर न करता म्हणाले,

"आन् आक्का, तुझं?"

इंदापूरची कचेरी दणाणून सोडणारी ती बाई टेबलाशी आली आणि मोनाच्या नावाखाली तिनं बोट ठेवलं.