घोडदळाची चाल
"सहा म्हणजे सहाच!" काका फोनमध्ये ओरडले. "घोडदळाची चाल मी पाच इंच करणार नाही."

"अहो काका, वाचकांच्या सगळ्या पत्रांत हीच तक्रार आहे," प्रकाशक काकुळतीला आला होता. "घोडी दोन चालींत अंगावर येतात, तिरंदाजांना तिसरा बाण सोडायला सवडच मिळत नाही. एवीतेवी नवी आवृत्ती निघतेय, सुधारून टाकू. छपाई आता सुरू होईलच."

"त्यांना म्हणावं, आधी खेळायला शिका!"

काकांनी फोन आपटला. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्म गेला, पण जीव सगळा या खेळात. जेवणाच्या टेबलावर बोटभर उंचीची शिशाची सैन्यं मांडायची आणि जुन्या लढाया पुन्हा लढायच्या. त्या खेळाचे नियम काकांनीच लिहिले होते. पुस्तक पातळसं, पण ते आता पुठ्ठ्याच्या बांधणीत येणार होतं, आणि लोक नेमके आत्ताच नाट लावत होते.

त्यातून दातांच्या डॉक्टरांनी कहर केला होता. दर रविवारी खेळायला येणारा हा जुना मित्र. नव्या आवृत्तीसाठी त्यांनी स्वतःच्या घरी नियम तपासले आणि म्हणाले, "तुमच्याकडे माझे तिरंदाज जगतात, माझ्याकडे मरतात. चाल पाच करा."

"दोष तुमच्या मांडणीत आहे. तुम्ही दात उपटा, घोडी माझ्यावर सोडा!" काका म्हणाले होते. तेव्हापासून डॉक्टर फिरकले नव्हते.

"इकडे ये जरा," आठवड्याभराने काकांनी टेबलावर सैन्य मांडून काकूंना हाक मारली. काकू शिवणकाम बाजूला ठेवून आल्या. काकांनी तिरंदाजांपासून एक फूटपट्टी लांब, बाण पोचतो तेवढ्या अंतरावर, घोडी ठेवली. मग टेपने सहा इंच मोजून ती पुढे सरकवली. पुन्हा सहा. घोडी तिरंदाजांच्या अलीकडेच राहिली.

"बघ! पोचतात का? उगाच बोंब मारतात लोक!"

काकूंनी बोटांवर मोजलं. "सहा नि सहा बारा. फूटपट्टी बाराची. मग पोचायला नकोत का?"

"टेकडीच्या वळणात जातात थोडे."

"इथे कुठाय टेकडी?" काकूंनी टेप हातात घेतली. "अहो, ही माझी जुनी टेप! टोकाचा पत्रा निघाला म्हणून मी इंचभर कापली होती. हिच्यावर मोजलं की एक वजा करावा लागतो."

काकांनी टेप फूटपट्टीला लावून पाहिली. टेपवरचे सहा म्हणजे खरे पाचच. वळणावळणाने मोजायला बरी म्हणून ते नेहमी हीच टेप वापरत. बाणाचं अंतर तेवढं फूटपट्टीने.

"मग मला सांगायचं नाही?"

"विचारलंत कधी? ही लष्करी बाब आहे म्हणायचात."

काकांना स्वतःचाच इतका संताप आला की फोनचा नंबर दोनदा चुकला.

"पाच करा," ते म्हणाले.

"काका, पानं छापून झाली हो!" प्रकाशकाने कपाळाला हात लावला असणार. "शुद्धिपत्राची चिठ्ठी घालू. मुद्रणदोष म्हणून लिहितो, तुमचंही नाव खराब होणार नाही."

"छापखान्याने काय घोडं मारलंय तुमचं? लिहून घ्या. घोडदळाची चाल सहा नव्हे, पाच इंच. चूक लेखकाची. पहिल्या आवृत्तीपासूनची."

पुस्तक आलं त्या संध्याकाळी काका पहिली प्रत घेऊन डॉक्टरांकडे गेले. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं. डॉक्टरांनी दारातच पुस्तक उघडलं, चष्मा वर सारून चिठ्ठी वाचली.

"पाच," ते म्हणाले.

"पाच. तुमचंच बरोबर होतं. या रविवारी तिरंदाज घेऊन या."

डॉक्टरांनी चिठ्ठी पुन्हा जागेवर ठेवली.

"तिरंदाज देऊन टाकले हो मी. पुतण्याच्या पोरांना. म्हटलं, दरवेळी मरायचेच, तर कशाला ठेवायचे?"

काकांना माहीत होतं, ते सगळे डॉक्टरांनी स्वतः रंगवले होते, दातांच्या बारीक हत्यारांनी, एकेकाच्या भुवया काढून.

"आत या ना," डॉक्टर म्हणाले.

आत काचेच्या कपाटाचा वरचा कप्पा रिकामा होता. नुकताच कुणीतरी तो स्वच्छ पुसून ठेवला होता.