सकवारबाईंची उजवी बाहुली

सुनामीच्या पुढच्या वर्षी जॉर्ज टाउन या तमिळ बाजारपेठेत, कांद्याच्या एका वखारीवरच्या खोलीत, आंधळ्यांना दिसू लागलं. निदान गर्दी तरी तसं सांगत होती. सकाळी सातपासून रांग जिन्यावरून उतरून रस्त्याच्या वळणापर्यंत जायची. मुनीम, रिक्षावाले, पेन्शनर, सगळे काळे चष्मे लावून उभे असायचे.

"कत्ती नको, ऊसी नको, कण्णाडी नको," तिथे डोळ्यांत थेंब घालणारे नेत्रस्वामी गर्जत. म्हणजे सुरी, सुई, चष्मा काही नको. "माझे गुरू हिमालयात बारा वर्षं पापणी न मिटता बसले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी ते हे तीर्थ." बारा वर्षांत गुरूंच्या डोळ्यांत एक कणही कसा गेला नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. अट एकच होती. मंडलम, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, दुसरं कुठलंही औषध जिभेला लावायचं नाही.

त्या रांगेत चंद्रिकाही होती, शाळेत जीवशास्त्र शिकवणारी. सोबत आई सकवारबाई आणि वडील राममूर्तीराव, म्हणजे अप्पा, तंजावरकडचे मराठी, निवृत्त हेडक्लार्क. अप्पांचा मधुमेह अठरा वर्षांचा. वर्षभरात डोळ्यांपुढे धुकं आलं होतं आणि अधूनमधून ते घरची वाटही विसरू लागले होते. डोळ्यांत थेंब पडला आणि तासाभरात अप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचली. मग लेकीकडे वळून म्हणाले, "तू बारीक झालीस की ग. मज अस्कि दिसतंय, सगळं." चंद्रिका तिथेच रडली. तीर्थाची बाटली घरी आली, सकवारबाई रोज थेंब घालू लागल्या, आणि शुगरच्या गोळ्या त्याच दिवशी कपाटात गेल्या.

दुसऱ्या आठवड्यात अप्पांचं तोंड सुकू लागलं, छाती धडधडू लागली. वारलेल्या भावाशी, प्रतापसिंहाशी, ते तासन्‌तास बोलत आणि बायकोला विचारत, "तुम्ही कोणाच्या घरच्या?" चंद्रिका घाबरून स्वामींकडे धावली. स्वामी प्रसन्न झाले. "बाहेरचा डोळा उघडला, आता आतला उघडतोय. पितर दिसतायत त्यांना." झालं. लोक अप्पांच्याच पाया पडायला घरी येऊ लागले, आमचे वडील वर कसे आहेत म्हणून विचारू लागले. अप्पा प्रत्येकाला सांगत, "तुमची फाईल वर पाठवलीय." लोक समाधानानं परत जात.

"अम्मा, गोळ्या सुरू करू," चंद्रिका रोज म्हणे.

"मंडलम मोडून दिसायचं गेलं, तर पाप कोणाच्या माथ्यावर?" सकवारबाई विचारत. चंद्रिका कपाट पुन्हा लावून घेई.

एकविसाव्या दिवशी सकवारबाई गॅलरीत भर उन्हात तांदूळ निवडत होत्या, उजव्या डोळ्यावर तळवा धरून. चंद्रिकेनं तो तळवा बाजूला केला. डावी बाहुली मोहरीएवढी होती, उजवी मिरीएवढी.

"अम्मा, तू तीर्थ डोळ्यांत घालतेस?"

"घालीन कशी? बोटाला राहिलेलं तेवढं उजव्या डोळ्याला लावतें. देवळातलं तीर्थ लावत नाही की?"

तासाभरात ती दोघांना आणि बाटलीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसली होती. डॉ. त्रिपुरसुंदरींनी सकवारबाईंच्या हाती आरसा दिला आणि टॉर्च लावला. डावी बाहुली मिटत आली, उजवी ढिम्म हलली नाही.

"धोत्र्याचा रस असणार. बाटली तपासायला पाठवू," डॉक्टर म्हणाल्या. "तो बाहुली ताणून उघडी ठेवतो. तुमच्या वडिलांचा मोतीबिंदू मधोमध आहे. बाहुली रुंद झाली की कडेनं उजेड आत जातो आणि दिसतं. रस उतरला की पुन्हा धुकं. म्हातारपणी हाच रस अंगात भिनून माणूस भ्रमतो. पितरबितर काही नाही."

"मग बंद केलं की बरे होतील?"

डॉक्टर बराच वेळ अप्पांच्या डोळ्यात पाहत राहिल्या. "भ्रम बराचसा उतरेल. पण गोळ्या सुटल्या, साखर मोकाट झाली. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त आलंय. लेझरनं उरलंय ते राखायचा प्रयत्न करू, नुसता मोतीबिंदू काढून भागणार नाही. आणि मेंदूतही अशाच बारीक नसा असतात. पडदा असा बिघडलेल्यांना विसरण्याच्या आजाराचा धोकाही जास्त असतो. त्यांचं विसरणं तर आधीच सुरू झालं होतं. गेलेली आठवण परत येईल असं मी म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकवारबाई टॉर्च घेऊन वखारीच्या जिन्यात उभ्या राहिल्या. "माझे डोळे पाहा. मज काय रोग आहे? तरी त्या तीर्थानं ही बाहुली उघडीच राहिली," असं परक्या माणसांना सांगत राहिल्या. सातआठ जण घरी गेले. उरलेले पायरी पायरीनं वर सरकले.

महिन्याभरात साखर ताळ्यावर आली, पितरही गेले. धुकं मात्र पहिल्याहून दाट झालं. एका सकाळी चंद्रिका गोळी घेऊन गेली, तर अप्पांनी तिचा हात चाचपला. "बाई, तो थेंब घाला की. थेंब घातल्यावर इथं माझी लेक दिसत होती."

"मीच ती, अप्पा."

"हो का," ते सभ्यपणे म्हणाले आणि वाट पाहत राहिले.

साखरेचा आजार असलेल्या माणसाच्या डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवा, दिसत असलं तरी. विसरणं सुरू झालं तर तेही सांगा. गोळी बंद करा म्हणणाऱ्याला आधी विचारा, बाटलीत काय आहे. विचारल्यानं कुठलाही देव रागवत नाही. चंद्रिकेला हे सगळं ठाऊक होतं, आणि तिनं विचारलं नाही.