पाचपैकी पाच

दुपारच्या शांततेत कंपासपेटीचं झाकण टक्कन वाजलं आणि देवकी दचकली. समोरचा चहा कधीच गार झाला होता. पलंगावर पालथी पडून तारा खडू घेऊन एका कागदावर वाकली होती. आई आज कॉलेजातून लवकर कशी आली, हे तिने एकदा विचारलं होतं आणि आईने सगळं खरं सांगून टाकल्यावर ती पुन्हा कागदाकडे वळली होती.

डिचोलीच्या कॉलेजात देवकी कंत्राटावर अर्थशास्त्र शिकवायची. दर जूनला कंत्राट नव्याने मिळायचं. आज सकाळी प्राचार्यांनी बोलावून घेतलं.

"देवकी मॅडम, अभिप्रायाच्या कागदावर मुलांनी तुम्हाला पाचपैकी साडेतीन दिलेत. सगळ्यांत खाली तुम्ही. पुढच्या वर्षाचं काही होणार नाही."

"आणि गुरुदास सरांना?"

"पाच."

घंटा होऊन गेल्यावर डुलत डुलत येणारे आणि पिवळ्या पडलेल्या वहीतून उतरवून घ्यायला लावणारे गुरुदास सर.

"सर, मी माझ्या वर्गाला सांगितलं होतं, आदराचे गुण देऊ नका, खरं लिहा. त्यांनी लिहिलं."

"असलं सांगायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" प्राचार्यांनी फाईल मिटली.

बसस्टँडवर तिच्या वर्गातली यशोदा भेटली. दोडामार्गहून येणारी, खनिजाच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरची मुलगी. वाईट बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"टीचर, तुमीच सांगलात ना, खरां लिवा म्हणान? मी लिवलंय, टीचर फळ्यार बोलवतत, माका लाज वाटता."

"बरोबर लिहिलंस. आणि सरांना?"

"सरांका पाच. पाया पडतंव आमी त्येंच्या. कमी कशे दिवचे?"

"सर शिकवतात का गं?"

"शिकवनत नाय," यशोदा सहज म्हणाली. "पण तां काय कागदार लिवतत, टीचर?"

देवकीला तिचा राग आला नाही. त्याच फळ्यापुढे लाजत लाजत ही पोर मागणी-पुरवठ्याचा आलेख काढायला शिकली होती. राग आला तो त्या गुणांची बेरीज करणाऱ्यांचा. त्या कागदावरचे प्रश्न कुठल्याशा परदेशी विद्यापीठातून जसेच्या तसे उचलून आणलेले. तिथली पोरं मास्तरला नावाने हाक मारतात, कळलं नाही तर तोंडावर सांगतात. इथे मास्तरला दिलेले गुण म्हणजे गुरुपौर्णिमेला टेबलावर ठेवलेलं फूल. एकीबद्दलचं खरं आणि बाकीच्यांना केलेला नमस्कार एकाच तराजूत घालायचा, दशांश चिन्ह देऊन उत्तर काढायचं, आणि त्या उत्तरावर एका बाईला घरी बसवायचं. ह्याला म्हणे गुणवत्ता.

"आई, हे बघ."

ताराने पलंगावरून कागद पुढे धरला. तिच्या शाळेनेही असाच अभिप्रायाचा कागद पाठवला होता. आपल्या बाई कशा शिकवतात? खाली तीन चेहरे: हसरा, गप्प, रडका. आवडेल तो रंगवा. ताराने खडू तिन्हींवर नेऊन पाहिला होता, पण रंगवला एकही नव्हता.

"सुमंगलाबाई आवडतात ना तुला?"

"खूप. त्या माझी वेणी पण घालतात. पण त्यांनी शिकवलेला भागाकार मला कळतच नाही." तारा उठून आईला चिकटून बसली. देवकीने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"आई, मी खरं रंगवलं तर बाईंना पण घरी बसवतील?"