शिवण बाहेर

चोवीस तारखेच्या दुपारी शिलाईच्या दुकानात मान वर करायला फुरसत नव्हती. नाताळचे नऊ फ्रॉक संध्याकाळच्या उपासनेआधी द्यायचे होते. जूनमध्ये आई गेली, तेव्हापासून गिऱ्हाइकं मुलीचा हात जोखत होती. आईच्या नावाला बट्टा नको म्हणून तिने कुणालाच नाही म्हटलं नव्हतं.

"तुझ्या आईने निम्म्या जणींना दारातूनच वाटेला लावलं असतं," मावशी बटणं लावत म्हणाली.

"ती हाकलायची तरी त्या परत यायच्या. माझ्याकडे फिरकणार नाहीत."

तेवढ्यात प्रसूतिगृहातली आया दारात आली. "ताई, झबलं झालं का? पहाटे मुलगा झालाय. बाई एकटीच आलीय, अंगावरच्या कपड्यांनिशी."

दर नाताळला अशा एका बाळासाठी आई झबलं शिवायची. मुलगी ते साफ विसरली होती. तिने उरलेलं सॅटिन ओढलं, दहा मिनिटांत झबलं उरकलं, वर लेसही लावली.

आयाने आतून बोट फिरवलं. "छान आहे. पण आईंच्या झबल्याची शिवण बाहेर असायची. बाळाला टोचू नये म्हणून. म्हणायच्या, माझा प्रभूही असाच उघडा आला होता, परक्याच्या गोठ्यात. मऊ बाजू त्याच्याकडे. शिवण काय, जगाने बघावी."

घाईत उलटं शिवलंस, म्हणून मुलगी आईला दरवर्षी चिडवायची. आई नुसती हसायची.

तिने कपाटातून आईचा सुती गाऊन काढला. धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. सहा महिने तिने त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. आता तिने कात्री घेतली.

"अगं, आणि फ्रॉक?" मावशी म्हणाली.

"पाचच होतील. बाकीच्या चौघींना मीच सांगते, झेपणार नव्हते तरी घेतले, माझं चुकलं."

झबलं घेऊन ती आयाबरोबर गेली. ते इवलंसं, लालसर अंग पाहताना तिच्या मनात आलं, गव्हाणीतल्या त्या बाळाला गुंडाळण्याआधी त्याच्या आईनेही कापड चाचपून पाहिलं असेल. इतक्या वर्षांच्या नाताळांत हे कधी सुचलं नव्हतं. तिने झबल्याची आतली बाजू स्वतःच्या गालाला लावून पाहिली, आणि मग बाळाची मूठ हळूच बाहीत सरकवली.