घांगळीच्या तारेवर हात

"सर येतात की आमच्या खोडाळ्यात दर रविवारी, देवजी भगताकडं!" ऑफिसातल्या सुकरी शिपाईणीने हसत सांगितलं आणि मंजुषाच्या हातातला शिक्का तसाच राहिला.

तिचा नवरा गौतम जव्हारला कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. पाड्यापाड्यांवर जाऊन 'भगत नको, दवाखाना गाठा' म्हणून घसा कोरडा करणारा हा माणूस भगताकडे? घरी तर लेख लिहायला लायब्ररीत जातो म्हणून सांगायचा.

लग्नाला इतकी वर्षं होऊन कूस उजवली नव्हती, म्हणून मागच्या दिवाळीत माहेरचं नाव सांगून मंजुषाच चोरून देवजीकडे गेली होती. त्याने मूठभर भाताचे दाणे पदरात बांधून दिले होते. हे कळलं तर गौतम ओरडला नसता, नुसता गप्प झाला असता. तिला भीती त्या गप्प होण्याचीच होती. आता कुणीतरी याचे कान भरले असणार आणि हा छडा लावायला जात असणार. की दुसऱ्या बायकोसाठी कौल लावतोय? पुरुषाच्या जातीचं काय सांगावं!

रविवारी ती त्याच्या मागच्या जीपने खोडाळ्याला उतरली आणि देवजीच्या घराच्या कुडाआड उभी राहिली.

देवजीच्या मांडीवर घांगळी होती. बांबूला दोन भोपळे आणि वर ताणलेली तार.

"पुन्हा छेडा, बाबा," गौतम म्हणत होता. "एक मत असं, की जगात सगळं अशा बारीक तारांचं थरथरणं आहे. वस्तू खाली ओढणारी ओढसुद्धा त्यातूनच येते. दुसरं मत म्हणतं, बारीक कण एकाच वेळी इथेही असतो आणि तिथेही. पण वजन वाढलं की हीच ओढ त्याला एका जागी बसवते. तुमचा हात तार थांबवतो ना, तशी."

"मंग?"

"मग तो हातच तारेचा असला तर? तोही इथे-तिथे थरथरणार. तो कुणाला थांबवणार? दोन्ही मतं एका घरात सुखाने नांदतील असं लेखात लिहून बसलोय, आणि आता माझाच विश्वास बसत नाही."

"ता मना ठाव नाय, मास्तर."

मंजुषाला हसू फुटलं. एवढंच होतं तर! बांगड्या वाजल्या आणि देवजीने मान वर केली. आता हा ओळखणार!

"कोण बाय? पावनी कुणाकडची?" त्याने जन्मात पाहिलं नसल्यासारखं विचारलं. म्हाताऱ्याच्या पाया पडावं असं तिला वाटलं.

"आमच्या घरातली," गौतम म्हणाला. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही, आणि तिला पुन्हा शंका आली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दिवाळीनंतर तुझी साडी धुवायला घेतली, तेव्हा गाठ सुटली होती. असे दाणे देवजीबाबाच देतात, पाड्यांवर पाहिलं होतं. मीच ते पुन्हा बांधून ठेवले." तो घांगळीकडे बघत बोलला. "पहिल्या रविवारी मीही तारेसाठी आलो नव्हतो गं. तोंडातून शब्द निघेना, म्हणून तारेचं विचारलं."

"तवापासून तारेचाच इचारता हे," देवजी म्हणाला आणि त्याने वाजती तार हाताने दाबली.

गौतमने खिशातला रुमाल काढून जमिनीवर पसरला.

"मागे हिला एकटीला दिलेत, बाबा. आज दोघांचे द्या."

देवजी मूठ भरून घेऊन आला. गौतमने रुमालाची दोन टोकं उचलली. मंजुषा शेजारी बसली आणि तिने उरलेली दोन धरली.