वहिनींच्या जीपचं रक्त

तिसरा थेंब फरशीवर पडला तशी पुढच्या रांगेतली एक बाई मटकन खाली बसली. अंगणात पन्नासेक माणसं श्वास रोखून उभी होती. वहिनींची जीप नुकतीच डोंगराला वळसा घालून परत आली होती आणि रोजच्यासारखे पोटातून लालभडक थेंब गाळत होती.

"रडतोय तो," मेलेल्यांशी बोलतो म्हणवणारा द्रष्टा म्हणाला. "देह गेला, पण जीव गाडीत अडकलाय. हे रक्ताचे अश्रू आहेत. इथे विज्ञान तोंडात बोट घालतं."

विज्ञान त्या वेळी समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होतं. म्हणजे मी. शाळेत चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला, तिरसट आणि एकटा. जीप माझ्या मित्राची, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची. दर वर्षी तो स्वतः गाडीखाली झोपून तेलं बदलायचा आणि मी शेजारी बसून पाने हातात द्यायचो. तो गेल्याला आठ महिने झाले होते, आणि आठ महिन्यांत मी रस्ता ओलांडून वहिनींकडे गेलो नव्हतो. सुरुवातीला काय बोलावं सुचेना. मग इतके दिवस गेलो नाही म्हणून जायची लाज वाटायला लागली.

पण पेपरवाल्याने सांगितलं की रविवारी वहिनी जीप द्रष्ट्याच्या नावावर करणार आहेत. तेव्हा मात्र गेलो.

"जीपच नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "घरही बंद करते. त्यांच्या केंद्रात मला एक खोली देतायत."

"वहिनी, ते रक्त नाही, तेल आहे."

"तेल काळं असतं. मी काय गाडीचं तेल पाहिलेलं नाही?"

"ते इंजिनचं. इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देणारी एक पेटी असते, ट्रान्सफर केस म्हणतात तिला. तिच्यात तो लाल तेल घालायचा. मीच डबा धरायचो."

वहिनी म्हणाल्या, "असेल. पण बारा वर्षांत कधी थेंब पडला नाही. दोन महिन्यांपूर्वी द्रष्टे घरी आले आणि त्यांनी गाडीला आशीर्वाद दिला, तेव्हापासून पडतो. तेही फक्त फिरून आल्यावर. असं का?"

प्रश्न बिनतोड होता. मास्तर असूनही मी शेपूट घालून घरी आलो.

उत्तर सापडलं ते आशीर्वाद या शब्दाचा विचार करताना. रविवारी जीप फेरी मारून आली, द्रष्ट्याने डोळे मिटून हात वर केले, आणि मी गर्दीतून पुढे झालो.

"वहिनी, आशीर्वाद नेमका कसा दिला होता?"

"बॉनेट उघडून. मेणबत्तीचं मेण सगळीकडे शिंपडलं. आम्ही तेव्हा डोळे मिटून होतो."

"उघडू का बॉनेट?"

"शंकेखोराच्या हाताने आत्म्याला यातना होतात," द्रष्टा म्हणाला. त्याचा आवाज अजून मधाळ होता.

"उघडा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

बॅटरीवर मेण, झाकणावर मेण. कोपऱ्यात बोटभर जाडीची एक रबरी नळी वर आलेली होती. मित्राने आणि मीच ती बसवली होती, ओढ्यातून गाडी नेताना खालच्या त्या लाल तेलाच्या पेटीत पाणी शिरू नये म्हणून. तिच्या तोंडात मेणाचं बूच ठासून भरलेलं होतं. मी नळीकडे हात नेला.

"त्या ब्रीदरला हात लावू नका," द्रष्टा एकदम बोलून गेला.

गर्दीत एक ट्रकचालक होता. तो शांतपणे म्हणाला, "आम्ही तर नुसती नळी बघतोय. तिला ब्रीदर म्हणतात हे तुम्हाला कुठल्या समाधीत कळलं? गॅरेजमध्ये किती वर्षं होतात?"

लोक हसले. मी बूच ओढून काढलं. आतून फुस्स आवाज आला, आणि मागे कुणीतरी कुजबुजलं, "सुटला बिचारा."

"हवा सुटली," मी म्हणालो. "कुकरची शिट्टी बुजवली तर काय होईल? गाडी पळाली की पेटी तापते, आतली हवा फुगते. तिला या नळीतून बाहेर जायला वाट असते. वाट बंद केली की ती तेलाला ढकलते, आणि तेल सीलच्या कडेने ठिबकतं. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. करून बघू."

बूच काढून वहिनींनी जीप पुन्हा तेवढीच फिरवून आणली. खाली पांढरा कागद ठेवला. पंधरा मिनिटं झाली तरी कागद कोरडा. मग मी तेच मेण दाबून बसवलं, पुन्हा फेरी, पुन्हा कागद. यावेळी चार थेंब पडले. ट्रकचालकाने एक बोटावर घेऊन हुंगला आणि ते बोट लोकांच्या नाकांखालून फिरवलं.

द्रष्ट्याला म्हणे पुढचं दिसायचं. त्या दिवशी त्याला फक्त फाटक दिसलं. गर्दीही पांगली, कारण तेल गळणारी गाडी बघायला कोण थांबतो?

मी खूश होतो. वहिनी पायरीवर बसल्या होत्या.

"झालं तुमचं समाधान?" त्या म्हणाल्या. "दोन महिने या अंगणात माणसं होती. किती कप चहा टाकायचा ते मोजायला लागायचं. उद्या कोण येणार?"

"मी येईन."

"आठ महिने काय करत होतात?"

जे खरं होतं ते सांगितलं. आधी शब्द सुचले नाहीत आणि मग लाज वाटली, हेही सांगितलं. ऐकून त्या रडल्या. मलाही रडू आलं. मास्तर असलो तरी.

मग मी बूच काढून फेकलं आणि घरून पाने आणले. यंदाचं तेल बदलायचं राहिलंच होतं. वहिनी स्वतः गाडीखाली शिरल्या.

"खालचा बोल्ट सोडू?"

"आधी वरचा, तेल भरायचा. तो गंजून बसला असेल आणि खालून सगळं तेल काढून टाकलं असेल, तर नवीन भरणार कुठून? तो नेहमी असंच करायचा."

वरचा सुटला, मग खालचा. लाल तेल परातीत पडलं. खालच्या बोल्टच्या टोकाला असलेल्या लोहचुंबकावर लोखंडाची राखाडी लव चिकटली होती. वहिनींनी ती बोटावर घेऊन निरखली, कुणी न सांगता.

सांगायचं एवढंच. काही लाल ठिबकलं की हात जोडण्याआधी वाका, बोटावर घ्या, वास घ्या, कुठून आणि कधीपासून येतं ते विचारा. वहिनींनी विचारलं होतं, उत्तर द्यायला जवळ कुणी नव्हतं. त्या भोळ्या नव्हत्या, एकट्या होत्या. त्यांच्या दारात द्रष्टा आला होता आणि मी आलो नव्हतो, यात माझीही चूक आहे. तुमच्या समोरच्या घरात असं कुणी असेल तर भोंदू पोचायच्या आत तुम्ही पोचा.

नवं तेल वरच्या भोकातून सांडायला लागलं तसा मी बोल्ट आवळला.

"पुढच्या आणि मागच्या आसाचं तेल राहिलंय," मी म्हणालो. "पुढचं उद्या करू, मागचं परवा."

"ते तर सगळं एका सकाळी उरकायचे."

"हो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग हात पुसले आणि पाने गोळा करून स्वतःच्या घरात नेऊन ठेवले.

"दहाला या," त्या म्हणाल्या.